अहवालातला 'कदाचित'

ताई, सप्रेम नमस्कार.
मी ४१ वर्षांची आहे. पुरातत्त्वात पीएच.डी. केली आणि १५ वर्षं उत्खननांवर काम करते आहे, बहुतेक कंत्राटी. हिवाळा-उन्हाळा साइटवर जातो, पावसाळा खापरं आणि अहवाल यांत. दोन वर्षांपूर्वी एका ताम्रपाषाण, म्हणजे तांब्या-दगडाच्या हत्यारांच्या काळातल्या, वस्तीत घराच्या जमिनीखाली लहान मुलाचं दफन मी स्वतः उघडलं. तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन कुंभ. फोटो काढले, रेखाटन केलं, नोंद केली. त्या रात्री भाचीचा फोन आला, 'मावशी, गोष्ट सांग.' काय सांगितलं ते आठवत नाही, पण तेव्हापासून लिहिते आहे. त्या काळातली दहा वर्षांची मुलगी, तिच्याशी बोलणारी भांडी, एक काळा राक्षस. पहिलं प्रकरण सोबत जोडते आहे. माझ्या सरांना सांगितलं तर म्हणाले, 'आयुष्यभर पुरावा पुरावा करून शेवटी परीकथा?' ते मनाला लागलं. लोक आधीच दंतकथांना इतिहास म्हणतात, त्यात मी भर घालते आहे का? ते कुंभ मुलांच्या पुस्तकात आणावेत का? आणि काम सोडून पूर्णवेळ लिहावं का?
— मातीतली, पुणे

प्रिय मातीतली,

तुमचं प्रकरण दोनदा वाचलं. एकदा दुपारी आडवं पडून, आणि एकदा हातात लाल पेन घेऊन. बावीस वर्षं मुलांच्या पुस्तकांचं संपादन केलंय, ते पेन आता हातातून सुटत नाही. राग मानू नका.

पहिली तीन पानं काढून टाका. नदी कुठून वळते, भिंती कशाच्या, धान्याची पेवं किती खोल, सगळं त्यात आहे आणि सगळं बरोबरच असणार. पण तो उत्खननाचा अहवाल आहे, फक्त भूतकाळाचा वर्तमानकाळ केलेला. आणि एक शब्द मी मोजला. तीन पानांत अकरा वेळा 'कदाचित'. 'आई कदाचित सातू कांडत होती.' अहो, तुमच्या नायिकेची आई अंगणात काय करते आहे हे तुम्हालाच ठाऊक नसेल तर आम्ही कुणाला विचारायचं?

मग चौथं पान आलं. मुलगी गाडग्याच्या बुडाशी कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा शोधते, त्यात आपला अंगठा ठेवून बघते, आणि तो नेमका बसतो. मी उठून बसले. हे तुम्ही कुठं वाचलेलं नाही. पॉटरी यार्डात खापरं धुताना, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, तुम्ही स्वतः केलेलं आहे. पुस्तक तिथून सुरू करा.

तुमच्या सरांचं आधी बघू, म्हणजे ते डोक्यातून जाईल. इंग्लंडात सेव्हर्न नदीच्या काठी लिडनी पार्क म्हणून जागा आहे. तिथं मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर या दांपत्यानं १९२८-२९मध्ये नोडेन्स नावाच्या देवाचं रोमनकालीन मंदिर खणून काढलं. अहवाल १९३२ साली निघाला. देवाच्या नावाची उकल करणारं टिपण त्यांनी ऑक्सफर्डच्या एका भाषापंडिताकडून लिहून घेतलं होतं आणि ते अहवालाला जोडलेलं आहे. त्या प्राध्यापकाचं नाव जे. आर. आर. टॉल्किन. पाच वर्षांनी, १९३७मध्ये, याच गृहस्थांचं बुटके, ड्रॅगन आणि अंगठीवालं मुलांचं पुस्तक आलं, 'द हॉबिट'. मंदिरातून पुस्तकात काय गेलं यावर लोक बरेच तर्क लढवतात, त्यात मी पडत नाही. मला गंमत वाटते ती पुढची. त्याच व्हीलरांच्या हाताखाली, मेडन कासलच्या उत्खननावर, मुंबईहून पीएच.डी.साठी गेलेला एक तरुण खणायचं कसं ते शिकत होता. हसमुख सांकलिया. ते १९३९मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, तिथं त्यांनी पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या, हे तुमच्या सरांना मी सांगायला नको. म्हणजे थर वाचायची जी शिस्त सरांनी तुम्हाला शिकवली, तिच्या आजोबांच्या, म्हणजे व्हीलरांच्या, अहवालाला परीकथा लिहिणाऱ्याचं परिशिष्ट आहे, आणि त्यानं अहवाल बाटला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तिकडे वेल्समध्ये कॅथरीन फिशर नावाच्या बाई आहेत. पुरातत्त्वाचं काम केलं, शाळेत शिकवलं, आणि मुलांसाठी अद्भुत कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा या वाटेनं जाणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

आता 'कदाचित'बद्दल. अहवालात तो शब्द इमानाचा आहे, तो तिथून कधी काढू नका. पण तुम्हाला एक काम सांगते. जुने अहवाल घ्या आणि जिथं जिथं 'कदाचित', 'असावे', 'शक्यता नाकारता येत नाही' येतं तिथं पेन्सिलीनं खूण करा. त्या खुणा तुमच्या गोष्टीचे दरवाजे. एकदा आत गेलात की मग 'कदाचित' म्हणायचं नाही.

इनामगाव घ्या. तुम्हाला तोंडपाठ असेल, पण हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव. डेक्कन कॉलेजनं १९६८पासून जवळजवळ पंधरा वर्षं खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी. इसवीसनापूर्वी साधारण १६००पासून ७००पर्यंतची वस्ती. तिथं पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचा रांजण निघाला, त्याला चार पाय. आत पाय दुमडून बसलेला चाळिशीचा पुरुष. गावातल्या बाकी प्रौढांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले, याचे मात्र शाबूत. तो गावचा प्रमुख असावा. असावा! अहवाल इथं थांबतो, आणि थांबलाच पाहिजे. पण कुठल्याही आठ वर्षांच्या पोराला हा रांजण दाखवा. प्रमुख कोण होता, त्याचा दर्जा काय, हे ते विचारणार नाही. ते विचारणार, 'याला पाय आहेत तर हा रात्री चालतो का?'

किंवा ती देवी. घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, झाकण असलेली मातीची लांबट डबी. डबीत एक स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी, तिला डोकंच नाही, आणि शेजारी एक बैल. देवीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की बाई बैलावर स्वार. सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. तीन हजार वर्षांहून जुनी, चक्क जोडायची मूर्ती. तुमच्या बोलणाऱ्या भांड्यांची कल्पना गोड आहे, पण ती कुणालाही सुचली असती. बिनडोक्याची देवी बैलावरून डोकं शोधत निघाली, हे सुचायला त्या डबीची हकीकत आधी माहीत असावी लागते.

भांडी बोलायलाच हवी असतील तर बोलू देत, पण तुमच्यापाशी त्याहून चांगलं काही आहे आणि तुम्ही ते वापरलेलंच नाही. जोर्वे भांडं, म्हणजे इनामगावच्या काळातलं ते लाल भांडं, इतकं पक्कं भाजलेलं असतं की टिचकी मारली तर धातूसारखं वाजतं. तुम्ही रोज मारत असाल. मग त्यांना माणसांसारखी वाक्यं कशाला? ती वाजतात, आणि मुलीला ते कळतं. तडा गेलेलं वेगळं वाजतं, भरलेलं वेगळं, रिकामं वेगळं. अद्भुत गोष्टीतल्या जादूला नियम लागतात, नाहीतर दुसऱ्या प्रकरणापासून काहीही होऊ शकतं आणि मग कशाचीच धास्ती उरत नाही. नियम पाळायची सवय तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, आणि खड्डा कुठल्या थरातून खणला गेला ते आधी बघायचं. तुमच्या जादूलाही हेच लावा.

काळा राक्षस मात्र घालवा. एकतर काळा का, हे कुणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसणार. दुसरं म्हणजे खरा वैरी तुमच्या साइटवरच आहे. इनामगावच्या शेवटच्या काळात ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. आधीच्या पिढ्यांनी बांध घातलेला, पाट काढलेला. नंतरचे लोक जनावरांमागे फिरू लागलेले. पाऊस कमी होत गेला असावा. पुन्हा 'असावा'. दर पिढीला थोडा कमी येणारा पाऊस. त्याला तोंड नाही, त्याच्याशी तलवारीनं लढता येत नाही, आणि मोठी माणसं म्हणत राहतात, 'पुढच्या वर्षी येईल.' मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेत हे वाचा, समजावून सांगावं लागणार नाही.

आता नाव. तुमच्या नायिकेचं नाव आर्या. हे वाचून मी मोठ्यानं हसले, माफ करा. आर्य कोण आणि कुठले यावर परिसंवादांत वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत आणि तुम्ही एका जोर्वेकालीन पोरीचं बारसं करून निकाल देऊन टाकलात! हे लोक कुठली भाषा बोलत होते हे आपल्याला माहीत नाही. त्यांनी लिहून काही ठेवलेलं नाही. म्हणून त्यांना संस्कृत नावं नकोत, आणि ओढूनताणून केलेली 'उंबा-झुंबा' छाप रानटी नावं तर मुळीच नकोत. टोपणनावं द्या, वस्तूंवरून, सवयींवरून, घरात आपण देतो तशी. ठकी, बोरी, टिचकी. भाषांतरित टोपणनाव हे कुठल्याच भाषेवर दावा सांगत नाही.

यातच तुमच्या त्या मोठ्या भीतीचं उत्तर अर्धं आलं. दंतकथेत भर घालते आहे का, असं तुम्ही विचारता. दंतकथेला मी दोष देणार नाही. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणत आले, कुणाचं नुकसान झालं नाही. नुकसान होतं ते गोष्ट पुराव्याचे कपडे घालून येते तेव्हा. म्हणून गाव आणि नदी तुमच्या मनाची घ्या, इनामगाव किंवा दायमाबाद असं खऱ्या साइटचं नाव लिहू नका. त्या मुलीला आजच्या कुणाचीही पूर्वज करू नका, ना जातीची, ना धर्माची, ना 'आम्हा मराठी लोकांची'. आणि पुस्तकाच्या शेवटी दोन पानं द्या, 'यातलं जमिनीत काय सापडलं आणि मी काय रचलं'. प्रकाशक म्हणेल, कागद वाया जातो. ऐकू नका. माझ्या अनुभवात मुलं ती पानं आधी वाचतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या आराखड्यात आहे ती मला खरंच खटकली. सातव्या प्रकरणात आजची दोन मुलं परसात खणतात आणि त्यांना सोन्याचा बैल सापडतो. हे नको. तुम्ही तर रोज हे सोसता: गावात ट्रेंच आखली की तिसऱ्या दिवशी कुणीतरी हळूच विचारतं, 'मॅडम, सोनं लागलं का?' आपल्याकडे गुप्तधनापायी लोकांनी देवळांची जोती उकरली आहेत, आणि त्याहून भयंकर गोष्टी केल्या आहेत; २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाचा उल्लेख उगाच नाही आलेला. १८७८चा निखात निधीचा कायदा तर दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तरी कलेक्टरला कळवा म्हणतो. दहा रुपये! तुमची मुलं कळवतात का? नाही, बैल दप्तरात घालून पळतात.

सोनं नसताना किती मिळतं ते दायमाबादला बघा. १९७४ साली प्रवरेकाठी एक शेतकरी झाडाचा बुंधा उकरत होता, तिथं तांब्या-काशाची चार शिल्पं निघाली. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. सगळी मिळून साठ किलोंच्या वर. रथ जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब, त्यात एक माणूस उभा. आणि दांडीवर एक कुत्रा. रथाच्या दांडीवर कुत्रा कशाला? तज्ज्ञ काळावरून वाद घालतात, घालू देत. मुलांचं सगळं लक्ष त्या कुत्र्याकडे जाणार, आणि माझंही जातं.

माझं आजोळ गोदावरीकाठचं. गावाबाहेर पांढरीचं टेकाड होतं. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी, एवढंच आम्हाला ठाऊक. कितीतरी पिढ्यांच्या चुलींची राख आणि पडक्या भिंती मिळून ती माती पांढरी झाली, हे खूप नंतर कळलं. शेतकरी ती गाड्या भरून शेतात खत म्हणून न्यायचे. आम्ही पोरी त्यातली खापरं निवडून, दगडावर घासून गोल करायचो आणि ठिकरी खेळायचो. पुढे एकदा एका उत्खननाच्या अहवालात खापराच्या घासलेल्या चकत्यांची यादी पाहिली, ओळीनं, क्रमांक घालून. मी कितीतरी वेळ ते पान उलटलं नाही. तेव्हाच्या पोरी बहुधा हाच खेळ खेळत होत्या. आपण त्याच मातीवर उभ्या राहून तेच करत होतो. परसात खणणाऱ्या मुलांना सोन्याच्या बैलाऐवजी अशी एक चकती सापडू द्या. तीही त्यांनी जिथल्या तिथं ठेवून बाईंना बोलवायला धावत जावं.

आता ते दोन कुंभ.

मी सहा वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ गेला. दीड वर्षाचा होता. आमच्याकडे इतक्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. मला शेजारी पाठवलं होतं. परत आल्यावर विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, देवाघरी गेला. कुठं ठेवलं, अंगावर काय घातलं, थंडी वाजत असेल का, हे विचारायची सोय नव्हती. आजीनं त्याचे वाळे हळदीच्या डब्यामागे ठेवलेले मला माहीत होते. मी ते अधूनमधून बघून यायचे. एवढंच.

तेव्हा मला कुणी अशी गोष्ट वाचायला दिली असती, की एका आईनं बाळाला दोन मडक्यांत ठेवलं, मडक्यांची तोंडं ओंजळीसारखी जुळवली आणि त्याला घरातच, जमिनीखाली, आपण निजतो तिथं ठेवलं, तर मला भीती वाटली नसती. बरं वाटलं असतं. म्हणून आणा. पण राक्षसाच्या जादूची वस्तू म्हणून नाही, ज्यातून भूत निघतं असं तर अजिबातच नाही. नायिकेचं धाकटं भावंड असू दे. खड्डा तिच्या वडिलांनी खणू दे, मडकी तिनं स्वतः निवडू दे, टिचकी मारून, दोन्ही पक्की आहेत ना हे ऐकून. आणि पुस्तकभर वाजणारी भांडी आहेत ना तुमची? ही दोन वाजू देऊ नका. ते का, हे लिहू नका.

त्या लोकांनी मुलांना घरात का पुरलं, हे तुम्हाला अहवालात लिहिता येणार नाही आणि लिहूही नका. मात्र एक काळजी घ्या. तुम्ही उघडलेल्या दफनाचा अहवाल अजून छापलेला नसेल तर त्याची खासगी खूण, म्हणजे भांड्यावरची नक्षी असेल, मणी असतील, कादंबरीत वापरू नका. ती नोंद आधी सहकाऱ्यांच्या हाती जाऊ दे. इनामगावच्या अहवालाचे खंड निघायला १९८८ उजाडलं आणि त्याला आपल्याकडे लवकर म्हणतात, तेव्हा वाट बघत बसू नका. जुन्या, छापलेल्या अहवालांत दफनांचे तपशील भरपूर आहेत.

काम सोडायचं म्हणताय? सोडू नका. मराठीत मुलांच्या पुस्तकाचा हिशेब करून दाखवते. १५० रुपयांचं पुस्तक, हजार प्रतींची आवृत्ती, दहा टक्के रॉयल्टी धरा. सगळ्या प्रती खपल्या तर पंधरा हजार, आणि त्या खपायला दोन-तीन वर्षं जातील. कंत्राटाचा पैसाही तुटपुंजा आणि अवेळी येतो हे मला कळतं, पण तो येतो. शिवाय साइटवर जाणं थांबलं तर तो अंगठ्याचा ठसा पुन्हा कुठून आणणार? पावसाळा तुमचा आहे. सकाळी खापरं, दुपारी अहवाल, संध्याकाळी दोन पानं. कादंबरीआधी एक सुटी गोष्ट लिहा, सात-आठ पानांची, आणि 'किशोर'सारख्या मासिकाकडे पाठवा. बालभारतीचं ते मासिक १९७१पासून निघतंय, खेड्यापाड्यांतल्या शाळांत पोचतं. साभार परत आली तर मला सांगा, दोघी मिळून नावं ठेवू.

आणि सरांना पुस्तक छापून होईपर्यंत काही दाखवू नका. नंतर ती शेवटची दोन पानं तेवढी वाचायला द्या.

बाकी तुमच्या पत्रात मला हवी असलेली एक माहिती नाही. भाची केवढी आहे ते लिहिलेलं नाही. सहा ते दहामधली असेल तर आज रात्री फोनवर तिला त्या चार पायांच्या रांजणाबद्दल सांगा. आत माणूस बसलाय हेही सांगा, लपवू नका. मग विचारा, रात्री सगळं गाव निजलं आणि रांजण उठून चालू लागला तर तो कुठं जाईल? ती जे म्हणेल ते शब्दाला शब्द लिहून घ्या, तुमच्या त्या साइटच्या डायरीतच, तारीख घालून. मलाही कळवा. मी कालपासून विचार करते आहे, मला सारखा तो नदीकडे जाताना दिसतो, पण मी पडले म्हातारी.

तुमची,
ताई